कंसातलं स्वातंत्र्य

२०२५ च्या जुलैमध्ये माझ्या टीममधल्या एका मुलाने पेपर टाकले. वय पंचवीस. आमच्याकडे आला तेव्हा त्याला साधी ब्रँच मर्ज करताना घाम फुटायचा. तीन वर्षांत असा तयार झाला की रात्री प्रॉडक्शनला काही पडलं, तर पहिला फोन त्याला जायचा. सुरुवातीला मला 'मॅम' म्हणायचा, दोनदा टोकल्यावर 'ताई'वर आला. त्या दिवशी मीटिंग रूमचं दार लावून घेत म्हणाला, "ताई, ऑफर आलीये. पण त्यांना माणूस तीस दिवसांत हवाय आणि माझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. तू बोलशील का वरती?"

मी बोलले. उत्तर आलं की आधी काउंटर ऑफर द्या, नाही घेतली तर नव्वद दिवस पूर्ण करून घ्या. लवकर सोडायचं की नाही, हे मात्र माझ्यावर टाकलं गेलं. मॅनेजर म्हणाले, "प्रोजेक्ट तुला बघायचाय, तूच ठरव." सप्टेंबरमध्ये मोठं रिलीझ होतं. मी मेलमध्ये लिहिलं, 'हँडओव्हरसाठी पूर्ण नव्वद दिवस लागतील.' खरं तर पंचेचाळीस पुरले असते. समोरच्या कंपनीने दहा दिवस वाट पाहिली आणि ऑफर मागे घेतली. त्याने आमची काउंटर ऑफर घेतली. पगार जवळपास तेवढाच झाला. सगळे म्हणाले, बरं झालं, कुणाचंच नुकसान नाही.

मलाही तसंच वाटलं असतं. पण मी बास्केटबॉल बघते. कॉलेजच्या टीममध्ये पॉइंट गार्ड होते, तेव्हा एनबीए बघायची सवय लागली ती सुटली नाही. आपल्याकडे त्या मॅचेस पहाटे सुरू होतात आणि स्टँडअप मीटिंगच्या आधी संपतात, म्हणजे नोकरदार माणसाला सोयीच्याच. जुलैत मॅचेस नसतात, करारांच्या बातम्या असतात. त्या जुलैत चार नावं पुन्हापुन्हा दिसत होती: जोनाथन कुमिंगा, जॉश गिडी, कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्स. चौघेही तरुण, चौघांचेही पहिले करार संपलेले, आणि चौघेही 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट'. मुक्त, पण मर्यादित. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी त्यांच्या बातमीत बदल नव्हता. आणि त्या मुलाच्या डेस्कवरून जाताना मला दरवेळी ती चार नावं आठवायची.

*

हा 'रिस्ट्रिक्टेड' प्रकार काय आहे, ते आधी साध्या शब्दांत सांगते.

एनबीएमध्ये येणारा खेळाडू आपला पहिला संघ निवडत नाही. ड्राफ्टमध्ये संघ त्याला निवडतो. पहिल्या फेरीत निवड झाली तर पगारही ठरलेल्या तक्त्यानुसार. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन ठेवायची की नाही, हे संघाच्या हातात. चार वर्षं झाली की करार संपतो आणि कागदोपत्री खेळाडू मोकळा होतो. पण संघाने त्याला 'क्वालिफाइंग ऑफर' नावाचा एका वर्षाचा ठराविक रकमेचा प्रस्ताव दिला, की तो रिस्ट्रिक्टेड ठरतो. मग दुसरा कुठलाही संघ त्याला लेखी ऑफर देऊ शकतो. तिला 'ऑफर शीट' म्हणतात. खेळाडू सहीही करू शकतो. पण सही झाल्यावर जुन्या संघाकडे थोडा वेळ असतो, अलीकडे साधारण दोन दिवस. तेवढ्यात जुना संघ 'आम्ही एवढेच देतो' म्हणाला, की खेळाडू जुन्याच संघाचा. त्याला विचारलं जात नाही. त्याने ज्यावर सही केली ती रक्कम त्याला मिळते. ज्यांच्यासाठी सही केली ती माणसं आणि ते शहर मिळत नाही.

आपल्याकडच्या काउंटर ऑफरला 'नको' म्हणता येतं. ज्या काउंटर ऑफरला 'नको' म्हणताच येत नाही, अशी कल्पना करा. तोच हा नियम.

२०१२ मध्ये एरिक गॉर्डनच्या बाबतीत हेच घडलं. ख्रिस पॉलला घेण्यासाठी क्लिपर्सने २०११ च्या डिसेंबरात जे काही देऊ केलं, त्यात गॉर्डनही होता. त्याला न विचारता तो लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सला गेला. सहा-सात महिन्यांनी करार संपला, तेव्हा फिनिक्सने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ८० लाख डॉलरची ऑफर शीट दिली. गॉर्डनने सही केली आणि आपलं मन आता फिनिक्समध्येच आहे, असं जाहीर सांगितलं. न्यू ऑर्लिन्सने ती मॅच केली. मन फिनिक्समध्ये आहे म्हणणारा माणूस पुढची चार वर्षं न्यू ऑर्लिन्ससाठी खेळला.

यात अन्याय कुठे झाला? तो मागत होता तेवढे पैसे त्याला मिळाले. पावणेसहा कोटी डॉलर मिळालेल्या माणसासाठी पुण्यातल्या एका इंजिनिअरने हळहळावं, हे हास्यास्पदच. पण रक्कम बाजूला ठेवून बघा. कुणीतरी तुमच्या सहीचा अर्थ बदलला. तुम्ही 'हो' एका माणसाला म्हणालात आणि ते दुसऱ्याच्या खात्यात जमा झालं. पैशाने याची भरपाई होते का, हा प्रश्न रकमेवर अवलंबून नाही. झालाच, तर रक्कम मोठी असली की तो नीट दिसेनासा होतो.

*

हा नियम वापरला जातो तेव्हाच काम करतो, असंही नाही. न वापरताच तो जास्त काम करतो.

समजा तुम्ही दुसऱ्या संघाचे जनरल मॅनेजर आहात. एका तरुण खेळाडूला ऑफर शीट दिली, की ती रक्कम तुमच्या सॅलरी कॅपमध्ये तेवढे दिवस अडकून पडते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सगळा बाजार हलत असताना, तुम्ही हात बांधून बसायचं. आणि शेवटी जुना संघ मॅच करणार, हे तुम्हालाही माहीत असतं. मग कशाला त्या भानगडीत पडायचं? सगळेच असा विचार करतात आणि ऑफर येतच नाही. ऑफर आली नाही, की जुना संघ म्हणतो, "बाजारात तुला मागणीच नाही बघ." ज्या बाजाराचं दार आपणच लोटून घेतलंय, त्याचाच दाखला देऊन भाव पाडायचा.

२०२५ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. कॅपमध्ये मोकळी जागा असलेले संघ जवळपास नव्हतेच. त्या चौघांपैकी एकालाही ऑफर शीट मिळाली नाही. गिडीचा शिकागोशी चार वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार व्हायला सप्टेंबर उजाडला. कुमिंगाचं गोल्डन स्टेटशी जमेपर्यंत सीझन तोंडावर आला होता. थॉमस आणि ग्राइम्स यांनी तिसरा मार्ग घेतला: क्वालिफाइंग ऑफरवर सही.

हा तिसरा मार्ग म्हणजे जुगार आहे. एक वर्ष कमी पैशांत खेळायचं आणि वर्ष संपलं की पूर्ण मोकळं व्हायचं. २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या ग्रेग मन्रोने तो खेळला. साधारण ५५ लाख डॉलरवर वर्ष काढलं आणि २०१५ मध्ये मिलवॉकीकडून तीन वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार मिळवला. त्याचं जमलं. पण त्या एका वर्षात गुडघा गेला तर? एनबीएतल्या पुष्कळ जणांची कारकीर्द चार-पाच वर्षांतच आटोपते. म्हणजे आयुष्यातल्या खेळण्याच्या वर्षांपैकी जी हमखास हातात असतात, नेमकी त्याच वर्षांवर ही बंधनं आहेत. पूर्ण स्वातंत्र्य पुढे आहे, पण अनेक जण तिथवर पोचतच नाहीत.

*

इंजिनिअर म्हणून मला या नियमांचं एक आकर्षणही आहे, ते लपवत नाही. नियम, त्यातली फट, फटीवर पॅच, पॅचमधून नवी फट. आमच्या धंद्याची गोष्ट वाटते.

२००१ च्या ड्राफ्टमध्ये गिल्बर्ट अरीनस दुसऱ्या फेरीत एकतिसावा निवडला गेला. दुसऱ्या फेरीतल्यांना तो ठरीव तक्ता नसतो, त्यामुळे तो दोनच वर्षांत बाजारात आला, आणि तोवर कमालीचा खेळू लागला होता. २००३ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सहा वर्षांची, सहा कोटी डॉलरच्या वरची ऑफर दिली. गोल्डन स्टेटकडे मॅच करण्याचा हक्क होता, पण कॅपच्या हिशेबात तेवढी रक्कम देण्याची सोय नव्हती. तो गेला. ही फट २००५ च्या करारात बुजवली गेली. अशा खेळाडूला बाहेरच्या संघाने पहिल्या दोन वर्षांत ठराविक मर्यादेपेक्षा जास्त द्यायचं नाही, म्हणजे जुन्या संघाला मॅच करता येईल. मात्र तिसऱ्या वर्षी रक्कम उडी मारू शकते.

ती उडी २०१२ मध्ये जेरेमी लिनच्या कामाला आली. हार्वर्डमध्ये शिकलेला, ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला, दोन संघांनी एकाच महिन्यात सोडून दिलेला हा मुलगा फेब्रुवारीत न्यूयॉर्कसाठी असा खेळला की महिनाभर जग त्याच्याबद्दलच बोलत होतं. जुलैत ह्यूस्टनने ऑफर दिली. तीन वर्षं, सुमारे अडीच कोटी डॉलर. पण विभागणी बघा: पहिली दोन वर्षं साधारण पन्नास-पन्नास लाख आणि तिसऱ्या वर्षी एकदम दीड कोटीच्या आसपास. ह्यूस्टनच्या हिशेबात ही रक्कम तीन वर्षांवर सारखी पसरत होती. न्यूयॉर्कने मॅच केली तर मात्र तिसऱ्या वर्षी ती जशीच्या तशी अंगावर येणार होती, वर लक्झरी टॅक्स. याला तिकडे 'विषाची गोळी' म्हणतात. न्यूयॉर्कने गोळी गिळली नाही. लिन ह्यूस्टनला गेला. योगायोग असा, की सहा-सात महिन्यांपूर्वी त्याला सोडून देणाऱ्या दोन संघांपैकी एक ह्यूस्टनच होता.

मी हे वाचलं तेव्हा मनात पहिल्यांदा 'काय भारी हॅक आहे' असं आलं. नंतर लक्षात आलं, की या सगळ्या गणितात लिनला कुठे राहायचं होतं, हा आकडा कुठेच नाही. तो मोकळा झाला असेल, तर एका संघाचा हिशेब दुसऱ्याच्या हिशेबावर वरचढ ठरला म्हणून.

*

आता दुसरी बाजू, कारण ती कच्ची नाही.

सॅलरी कॅप १९८४-८५ च्या सीझनपासून आली. तेव्हा ती प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती साडेपंधरा कोटींच्या जवळ आहे. कॅप नसती, तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दरवर्षी हवे ते खेळाडू विकत घेत बसले असते. २०२५ च्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना होते, दोन्ही लहान बाजारपेठांचे संघ, आणि निकाल सातव्या सामन्यात लागला. ओक्लाहोमासारख्या शहराने अठरा-वीस वर्षांचा मुलगा निवडायचा, त्याला शिकवायचं, त्याच्या चुका सोसायच्या, आणि तो फळाला आला की मोठ्या शहराने उचलून न्यायचा? हे वाक्य मी जुलैमध्ये मीटिंगमध्ये जवळजवळ शब्दशः बोलले होते. 'आपण त्याला घडवलं.'

शिवाय कॅपचा अर्थ 'मालकांनी पैसे दाबले' एवढाच होत नाही. २०११ च्या टाळेबंदीनंतर लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, असं करारातच ठरलेलं आहे. म्हणजे एकूण थाळी ठरलेली. एका खेळाडूने किती घ्यावं यावरही १९९९ पासून मर्यादा आहे. अनुभवानुसार कॅपच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. लेब्रॉन जेम्सला खुल्या बाजारात याहून कितीतरी जास्त मिळालं असतं. ते त्याला मिळालं नाही, तेव्हा ते बरंचसं बाकावरच्या आठव्या-नवव्या खेळाडूकडे गेलं. याला कुणी अन्याय म्हणेल, कुणी समता.

इथे तत्त्वज्ञानातला एक प्रसिद्ध बास्केटबॉलपटू आठवतो. १९७१ मध्ये जॉन रॉल्सने मांडलं, की न्याय्य नियम कोणते, हे 'अज्ञानाच्या पडद्या'आड ठरवावं. म्हणजे आपण जन्माला कोण म्हणून येणार, हे माहीत नाही असं समजून. त्याला १९७४ मध्ये हार्वर्डमधल्याच रॉबर्ट नोझिकने उत्तर दिलं आणि उदाहरण घेतलं विल्ट चेंबरलेनचं. समजा संपत्तीची तुम्हाला आवडेल तशी वाटणी झालीये. आता प्रत्येक तिकिटामागे २५ सेंट विल्टला द्यायचे असं ठरतं. दहा लाख लोक खुशीने सामने बघायला येतात. सीझनअखेर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जास्त जमतात. कुणावर जबरदस्ती झाली नाही, मग ही विषमता अन्याय्य कशी?

हे उदाहरण जगभरच्या वर्गांमध्ये शिकवलं जातं. पण ते मांडताना नोझिक कंसात एक गोष्ट गृहीत धरून पुढे जातो: करार एकाच वर्षाचे आहेत आणि खेळाडू त्यानंतर मोकळे आहेत, असं समजा.

आता खरा चेंबरलेन बघा. १९७३ मध्ये प्रतिस्पर्धी एबीए लीगमधल्या सॅन डिएगोच्या संघाने त्याला सहा लाख डॉलरवर खेळाडू-प्रशिक्षक म्हणून घेतलं. लेकर्स कोर्टात गेले. त्याच्या करारातलं एक 'ऑप्शन'चं वर्ष अजून आमच्या मालकीचं आहे, हा त्यांचा मुद्दा. चेंबरलेनला खेळायची मनाई झाली. बास्केटबॉलच्या इतिहासातला एक सर्वांत ताकदवान खेळाडू १९७३-७४ चा सीझन बाजूला उभं राहून नुसतं प्रशिक्षण देत होता. तो पुन्हा कधीच खेळला नाही. त्यानंतर नोझिकचं पुस्तक आलं, ज्यात विल्ट मोकळा होता.

नोझिकला यासाठी दोष द्यायचा नाही. गृहीतकं धरल्याशिवाय युक्तिवाद होत नाही. पण 'कुणावर जबरदस्ती झाली नाही' हे सगळं वाक्य त्या कंसावर उभं आहे, आणि खऱ्या जगात कंस रिकामा होता.

*

तो कंस भरायला एक माणूस कोर्टात गेला. ऑस्कर रॉबर्टसन तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० मध्ये दाखल झालेला खटला १९७६ मध्ये तडजोडीने मिटला. खेळाडूला कायमचं बांधून ठेवणारी व्यवस्था मोडली. पण एका झटक्यात नाही. आधी नेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, मग भरपाईऐवजी 'मॅच करण्याचा पहिला हक्क', आणि १९८८ मध्ये कुठे काही अनुभवी खेळाडू पूर्ण मोकळे झाले. त्या उन्हाळ्यात टॉम चेंबर्स सिएटल सोडून फिनिक्सला गेला, कुणाच्याही परवानगीशिवाय. म्हणजे आजचा रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट हा त्या जुन्या व्यवस्थेचा उरलेला तुकडा आहे. म्हाताऱ्यांसाठी ती गेली, तरुणांसाठी थोडी ठेवली.

का ठेवली? कारण करार करायला बसलेल्या खोलीत तरुण नव्हते. अजून कॉलेजात किंवा शाळेत असलेला मुलगा संघटनेचा सभासद नसतो. थाळी ठरलेली असेल, तर नवख्यांच्या ताटातलं कमी केलेलं जुन्यांच्या ताटात येतं. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सनने एकही सामना न खेळता दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळवला, आणि १९९५ मध्ये नवोदितांसाठी पगाराचा तक्ता आला. मालकांना तो हवाच होता. अनुभवी खेळाडूंनाही त्याचं फारसं दुःख नव्हतं.

या प्रश्नावर एक नवखा कोर्टात गेला होता. लिऑन वुड, १९८४ च्या ड्राफ्टमध्ये दहावा. फिलाडेल्फियाची कॅप भरलेली, म्हणून त्याला एका वर्षाचे ७५ हजार डॉलर देऊ केले. तो म्हणाला, हा ड्राफ्ट आणि ही कॅप बेकायदेशीर आहेत. मी या कराराला कधी संमती दिली? १९८७ मध्ये अपील कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. आशय असा, की सामूहिक करारात हे होतंच. नव्याने येणाऱ्याला आधीच्यांनी केलेला करार लागू होतो आणि काहींच्या वाट्याला बाजारभावापेक्षा कमी येतं, म्हणून करार मोडीत निघत नाही. कायदा म्हणून हे पटतं. नाहीतर कुठलीच कामगार संघटना कुठलाच करार करू शकणार नाही. वुड पुढे काही वर्षं खेळला. नंतर तो एनबीएचा रेफरी झाला आणि बरीच वर्षं शिटी घेऊन तेच नियम पाळले जातात की नाही, ते बघत राहिला. म्हणजे खेळाचे नियम, कॅपचे नाही. पण मला या गोष्टीवर हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

*

मग माझं मत काय? बरेच महिने डोक्यात घोळवल्यावर मला वाटतं, की इथे दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली गेलीये आणि ती सोडवायला हवी.

एक, पैसे कसे वाटायचे. दोन, माणसाने कुठे जायचं. कॅप, कमाल पगार, अगदी नवोदितांचा तक्ता, हे पहिल्या प्रकारचे नियम आहेत. रॉल्सच्या पडद्याआड मी बसले, आपण लेब्रॉन होणार की बाकावरचा नववा, हे माहीत नसताना, तर यातल्या बहुतेकांवर मी सही करीन. मॅच करण्याचा हक्क दुसऱ्या प्रकारचा. पडद्याआड बसून मी म्हणेन, माझे पैसे कमी करा, पण माझ्या 'हो'चा पत्ता बदलू नका. लहान शहरांना मदत करायचीच असेल, तर ती पैशाने करता येते. जुन्या संघाला आपल्या खेळाडूसाठी कॅप ओलांडून जास्त देण्याची मुभा आहेच. त्याने आमिष दाखवावं. दाखवूनही गडी गेला, तर जाऊ द्यावा.

'आम्ही घडवलं' याचं काय? घडवणं खरं असतं. पण घडत असताना तो स्वस्तात खेळत होता, ही त्या घडवण्याची किंमत त्याने चुकवलेली आहे. आणि ज्या प्रेमाच्या नावाने माणूस अडवला जातो, ते प्रेम कधी तपासून बघावं. २०२२ मध्ये डिआन्ड्रे एटनला इंडियानाने चार वर्षांसाठी १३ कोटी ३० लाखांची ऑफर शीट दिली. फिनिक्सने ती लगेच मॅच केली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच फिनिक्सने त्याला पोर्टलँडला पाठवून दिलं. तो हवा होता म्हणून अडवला नव्हता. फुकट जायला नको म्हणून अडवला होता. मला हे वाचताना माझा मेल आठवला. मलाही तो मुलगा हवा होता असं नाही. मला सप्टेंबरचं रिलीझ हवं होतं.

आणि इथेच एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते. एनबीएच्या खेळाडूंनी हे बंधन निदान विकलं तरी. त्यांची संघटना समोर बसली, टाळेबंद्या सोसल्या, आणि बदल्यात उत्पन्नाचा निम्मा वाटा, किमान पगार, पेन्शन घेतली. सौदा तरुणांना थोडा महाग पडला असेल, पण तो सौदा होता. आमचे नव्वद दिवस कशाच्या बदल्यात आले? मी सही केली तेव्हा ते ऑफर लेटरच्या सातव्या पानावर होते. कुणी माझ्या वतीने बोललं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर 'कंपनी पॉलिसी' हे उत्तर मिळालं असतं. भारतीय करार कायद्याचं १८७२ सालचं कलम २७ सांगतं, की कुणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. पण नोटीस पिरियड नोकरी चालू असतानाचा असल्यामुळे सहसा त्यात सापडत नाही. तो कुणाला रोखत नाहीच म्हणा. तो फक्त इतका वेळ लावतो, की समोरचा निघून जातो. न आलेल्या ऑफर शीटसारखंच.

म्हणजे पावणेसहा कोटींच्या गॉर्डनपेक्षा माझ्या टीममधला तो मुलगा जास्त बांधलेला होता. आणि गॉर्डनला अडवणारा नियम कुणीतरी वाटाघाटी करून लिहिला होता. त्याला अडवणारं वाक्य मी एकटीने, दोन मिनिटांत लिहिलं.

*

तो थांबला, चांगलं काम करत राहिला. रात्रीचे फोन तसेच घेतले. फक्त मीटिंग रूमचं दार लावून काही सांगायला परत आला नाही. मी एकदा चहाच्या टपरीवर विषय काढायचा प्रयत्न केला. "अरे, त्या वेळी..." एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "सोड ना ताई. पैसे मिळाले की."

जानेवारीत त्याने पुन्हा पेपर टाकले. या वेळी हातात कुठलीच ऑफर नव्हती. आधी राजीनामा द्यायचा, नव्वद दिवसांतले साठ काढायचे आणि मग 'लवकर जॉइन होऊ शकतो' म्हणून बाजारात उतरायचं, असा त्याचा बेत होता. आमच्या धंद्यात आता बरेच जण असं करतात. घरी होम लोनचा हप्ता होता, वडील रिटायर झालेले. मला ग्रेग मन्रोचं ते एक वर्ष आठवलं. हा जुगार त्याला खेळावा लागला, कारण जुलैमध्ये मी त्याला साधा रस्ता दिला नव्हता.

मॅनेजरनी पुन्हा विचारलं, किती दिवस लागतील. मी लिहिलं, 'पंचेचाळीस पुरतील. त्याआधी कुठे मिळालं तर त्याआधी सोडू.' वरून थोडी कुरकुर झाली. ती व्हायचीच, काम खरंच अडलं, दोन रात्री मीच बसले.

यामुळे जुलैची भरपाई झाली, असं मला वाटत नाही. ती ऑफर ज्या कंपनीची होती तिथे त्याला खरोखर जायचं होतं, आणि ती जागा भरून गेली. त्याला मार्चमध्ये दुसरीकडे काम मिळालं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करून तो माझ्या डेस्कपाशी आला. मी त्याला जुलैबद्दल सगळं सांगितलं. मेलमध्ये काय लिहिलं होतं, आणि खरे किती दिवस लागले असते. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. हँडओव्हरचं डॉक्युमेंट मीच लिहिलेलं ना."